महाडच्या तीन रात्री आणि एक लाल दिवा

गेल्या आठवड्यात ऑफिसात चहा पिताना एका मित्राने विचारलं, "रायगडला रात्री चढायचंय. हेडलॅम्प कुठला घेऊ?" मी पटकन म्हणालो, "लाल उजेड असलेला घे." "का रे? स्टाईल म्हणून?" या त्याच्या प्रश्नावर मात्र मी गप्प बसलो. उत्तर एका घोटात संपणारं नव्हतं. म्हटलं, वीकांताला निवांत लिहितो. तर मंडळी, हे ते उत्तर. दिव्यांवरून सुरू होऊन ते नेहमीप्रमाणे महाडला जाणार आहे. त्याला इलाज नाही, माझं आजोळ पोलादपूरचं.

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी ५ जूनच्या रात्री आम्ही चौघं चित दरवाजाकडून रायगड चढत होतो. दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक सोहळा, त्यामुळे पायऱ्यांवर ही गर्दी. माझ्या कपाळावर नवा कोरा हेडलॅम्प, चारशे ल्युमेनचा. खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितका दिवा चांगला, अशी तेव्हा माझी समजूत होती. (प्रोसेसर घेताना हीच चूक करून झाली होती, पण शहाणपण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपोआप ट्रान्सफर होत नाही.) मागच्या मित्राशी बोलायला मी मान वळवली. बाजूने एक मुलगा खाली उतरत होता. माझा झोत त्याच्या थेट डोळ्यांत गेला, त्याची पायरी चुकली आणि तो घोट्यावर पडला. फार काही झालं नाही, पण त्या रात्री त्याला मित्रांच्या खांद्यांवरून खाली जावं लागलं. मी चार-पाच वेळा सॉरी म्हणालो. त्याने काय करावं त्या सॉरीचं?

पुण्याला परत येताना पोलादपूरला मामाकडे थांबलो आणि हा प्रकार सांगितला. मामाला आश्चर्य वाटलं नाही. "खेकडा दिपतो तसा मानूस पन दिपतो," एवढंच म्हणाला.

लहानपणी मामाबरोबर पहिल्या पावसात खेकडे धरायला गेलोय, त्यामुळे मला ते लगेच कळलं. शाळेच्या पुस्तकात त्या वस्तूला विजेरी म्हणत. घरी ती बॅटरी आणि तिच्यात घालायचे ते सेल. मामाची तीन सेलची पितळी बॅटरी होती. ओढ्यात खेकड्याच्या तोंडावर झोत मारला की तो जागच्या जागी थिजतो. मग मागून अलगद धरायचा. परत येताना मात्र मामा बॅटरी विझवायचा, "डोळं बसू दे" म्हणायचा आणि आम्ही पाच-दहा मिनिटं बांधावर नुसते बसून राहायचो. हळूहळू बांध दिसायचा, आंब्याचं झाड दिसायचं, शेवटी पायवाटसुद्धा. हायवे ओलांडताना गाडी आली तर तो सांगायचा, "एक डोळा मीट." गाडी गेल्यावर मिटलेला डोळा उघडला की अंधार अजून तसाच दिसायचा. मला ती जादू वाटायची.

या जादूचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण लाल दिव्याचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी दिवसाच्या, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या. दंडपेशी रात्रीच्या, त्यांना रंग कळत नाही, पण अगदी कमी उजेडात त्या काम करतात. दंडपेशींत एक रंगद्रव्य असतं. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बेडकाच्या डोळ्याचा लालसर पडदा उजेडात फिका पडतो आणि अंधारात पुन्हा रंग धरतो. ते हे रंगद्रव्य, ऱ्होडॉप्सिन. भरपूर उजेड पडला की ते विरतं आणि पुरतं परत यायला वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मामाचं "डोळं बसू दे" म्हणजे हेच. दोन्ही डोळ्यांचा हिशेब वेगवेगळा चालतो, म्हणून एक डोळा मिटण्याची युक्ती लागू पडते. हे रंगद्रव्य बनायला अ जीवनसत्त्व लागतं. त्याची कमतरता झाली की रातांधळेपणा येतो.

आता गंमत अशी की दंडपेशी साधारण ५०० नॅनोमीटरच्या, म्हणजे हिरव्या-निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि ६४० च्या पुढच्या गडद लाल उजेडाला जवळपास नाहीच. शंकूपेशींना मात्र लाल दिसतो. म्हणजे लाल उजेडात नकाशा वाचा, सेल बदला, दंडपेशींना पत्ताच लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठाच्या वॉल्टर माइल्स यांनी याचा फार व्यवहारी उपयोग सुचवला. रात्री उडणाऱ्या वैमानिकांनी आधी अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बसून राहण्यापेक्षा लाल काचांचे चष्मे लावून उजेडात वावरावं. चष्मा काढला की डोळे अंधाराला तयार. पाणबुड्यांतले आणि वेधशाळांतले लाल दिवे याच घराण्यातले.

हे वाचल्यावर मला महाडच्या आसपासच्या जुन्या रात्री वेगळ्या दिसायला लागल्या. एका रविवारी छोटासा प्रोग्रॅम लिहून मी काही तारखांना चंद्र कुठे होता ते काढलं. त्यातून तीन रात्री हाती लागल्या.

पहिली रात्र तारखेची नाही, दंतकथेची आहे. हिरकणीची. कोजागिरीला गडावर दूध घालायला आलेली गवळण, तोफ झाली, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. खरं-खोटं इतिहासकारांवर सोडू. मला त्यातली कोजागिरी महत्त्वाची वाटते. शरदातलं स्वच्छ आकाश आणि पूर्ण चंद्र म्हणजे जमिनीवर साधारण पाव लक्स उजेड. शहरातल्या रस्त्यावर दिव्यांखाली याच्या कितीतरी पट असतो. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला पाव लक्स पुष्कळ झाला. कड्यावरची खाच, गवताचा बुंधा, काळा कातळ कुठे आहे आणि नुसती सावली कुठे, हे त्यात कळू शकतं. गोष्ट रचणाऱ्याने (किंवा जगणाऱ्या बाईने) अमावस्या न निवडता कोजागिरी निवडली, यात रात्री चालणाऱ्या माणसांचं ज्ञान आहे. हिरकणीच्या हातात पलिता दिला असता तर पहारेकऱ्यांना ती दिसली असती आणि तिला पलित्यापलीकडचं काहीच दिसलं नसतं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. मशाल, दिवटी, पणती, कंदील या सगळ्यांचा उजेड मुळात तांबूस. ज्योतीत निळा रंग फारच थोडा. म्हणजे माणसाच्या रात्री हजारो वर्षं तांबड्याच होत्या. दिव्याजवळ बसून उठलेल्या माणसाला अंगणातला अंधार आपल्याइतका परका वाटत नसणार. रात्र पांढरी झाली ती गेल्या शे-सव्वाशे वर्षांत.

दुसरी रात्र तारखेची आहे: २५ डिसेंबर १९२७.

त्याआधीचं वर्ष थोडक्यात. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, प्रत्यक्षात कुणाची हिंमत नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद. बाहेरून माणसं येणार आणि त्यांना गावात पाणी मिळणार नाही, म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये! तळं हाकेच्या अंतरावर, आणि पाणी विकत. २० तारखेला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. या वेळी विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. मोटारवाले न्यायला तयार होणार नाहीत म्हणून बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेला दुपारी सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरले. तिथून महाड पाच मैल, चालत. परिषदेला जागाही सहज मिळाली नव्हती. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच रात्री नऊच्या सुमारास, मांडवासमोर खड्डा खणून केलेल्या वेदीवर मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडला होता गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी.

माझ्या प्रोग्रॅमने सांगितलं की २४ डिसेंबर १९२७ ला अमावस्या होती. म्हणजे २५ ला प्रतिपदेची नखाएवढी कोर, तीही सूर्यापाठोपाठ मावळून गेलेली. रात्री नऊ वाजता आकाशात चंद्र नव्हता. मार्चमध्ये तसं नव्हतं. १८ मार्चला पौर्णिमा झाली होती, त्यामुळे परिषदेच्या आदल्या-मधल्या रात्री चांदण्याच्या होत्या. तळ्यावर जाणं दिवसा झालं, दहन काळोखात झालं.

ही निवड चंद्र बघून केली असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या काळोखाचा परिणाम काय झाला असेल ते मला, एक दिव्यांचा नाद असलेला माणूस म्हणून, समजतं. विजेचे खांब नसलेलं कोकणातलं गाव, तांबड्या उजेडाला सरावलेले हजारो डोळे, आणि समोर एक जाळ. इतक्या अंधारात लहानशी ज्योतसुद्धा फार लांबून दिसते. त्या जाळाच्या उजेडात कुणाला वाट शोधायची नव्हती. तो दिसण्यासाठी होता. दिव्याचा हा दुसरा उपयोग आपण खरेदी करताना विसरतो: दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो, तसाच आपण दिसावं म्हणूनही असतो.

बाकी, सत्याग्रह कोर्टाच्या हुकमामुळे स्थगित करायचं परिषदेने ठरवलं आणि लढाई कोर्टात गेली. मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. पाणी पिण्यासाठी सव्वानऊ वर्षं तारखा.

दिसण्यासाठीच्या दिव्यांत सगळ्यात शिस्तीचे रेल्वेचे. त्यांचा एक किस्सा मला फार आवडतो, कारण तो डिझाइनच्या चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावकाश आणि पांढरा म्हणजे बिनधास्त या. मग लक्षात आलं की सिग्नलची लाल काच फुटून पडली तर मागचा पांढरा दिवा उघडा पडतो, म्हणजे 'थांबा'चा आपोआप 'या' होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बिघाड झाल्यावर सिस्टिम धोक्याच्या बाजूला कलंडत होती. मग पांढरा रंग काढला आणि हिरवा 'या' झाला.

महाड तालुक्यात रेल्वे आली १९९३ मध्ये, रोहा ते वीर. पुढे १६ जून २००४ ला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळून मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली आणि माणसं गेली. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या सावकाश का जातात असं दरवर्षी कुणीतरी चिडून विचारतं, त्याचं हे उत्तर. धो-धो पावसात रात्री रुळांवरून गस्त घालत चालणारा माणूस असतो. त्याच्या हातातल्या दिव्याला पांढरा, हिरवा आणि लाल असे तीन रंग. पांढरा त्याच्या स्वतःच्या वाटेसाठी, लाल येणाऱ्या गाडीसाठी. एकाच दिव्यात दोन्ही उपयोग. आपल्या हेडलॅम्पचा खरा पूर्वज मला हाच वाटतो.

आणि आता तिसरी रात्र. ही लिहायला मला जड जातं, कारण तो रस्ता माझ्या आजोळचा आहे.

२ ऑगस्ट २०१६, रात्री साडेअकराच्या आसपास. महाड आणि पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा जुना दगडी पूल, १९२८ साली बांधलेला, म्हणजे त्या दहनाच्या पुढच्याच वर्षीचा, नदीच्या लोंढ्यात वाहून गेला. दोन एसटी आणि एक तवेरा गाडी त्या भगदाडात गेली. शेजारी नवा पूल होता, तो शाबूत राहिला. एका दिशेची वाहतूक जुन्यावरून चालायची. मी त्या पुलावरून किती वेळा गेलोय त्याची मोजदाद नाही. लहानपणी पूल आला की आई नदीला हात जोडायला लावायची.

चालकांना दिसलं कसं नाही, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. मी वहीत हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५. एकूण ६०. मुसळधार पावसात गाडीचा पांढरा झोत थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो; खालच्या झोतात ४० मीटर दिसले तरी खूप. त्यात नसलेला रस्ता चमकत नाही. झोत खड्ड्यात पडतो आणि परत येत नाही, तो नुसता काळा दिसतो, ओल्या डांबरासारखाच. चालकांची यात काय चूक?

त्या वेळच्या बातम्यांत एक गोष्ट आली होती. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाला गाडी खाली गेल्याचं कळलं आणि त्याने लोकांना जागं करून मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला लावल्या. पुलाला पडलेलं भगदाड चालकाला त्याच्या कितीही भारी हेडलाइटने दाखवलं नसतं. रस्त्यात उभा राहून 'थांबा' म्हणणारा माणूसच ते सांगू शकत होता. नवा पूल पुढे १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. मी आता तिथून जातो तेव्हा हात जोडतो, पण नदीला की कुणाला ते नीट सांगता येत नाही.

प्रोग्रॅमने त्या रात्रीची तिथी दिली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आषाढी अमावस्या. दिव्यांची अवस. त्या संध्याकाळी आपल्या घराघरांत दिवे घासून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून त्यांची पूजा झाली होती.

असो.

आता मित्राचा प्रश्न. हेडलॅम्प कुठला घ्यावा? ब्रँड सांगत नाही, दर सहा महिन्यांनी मॉडेलं बदलतात. काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, लाल एलईडी स्वतंत्र हवा. गंमत म्हणजे डोळ्याला दिसणारा पहिला व्यवहारी एलईडी लालच होता, निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये बनवलेला. पांढऱ्यासाठी निळा एलईडी लागला आणि तो तयार व्हायला आणखी तीस वर्षं गेली. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळा लेप. म्हणजे त्यात दंडपेशींना छळणारा निळा भरपूर. पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावून काम भागतं, पण जाड लावा, पातळ कागदातून बाकीचे रंग गळतात.

दुसरं, आणि हे दुकानात जाऊन स्वतः दाबून बघा: लाल दिवा थेट सुरू होतो का? बऱ्याच हेडलॅम्पमध्ये लालपर्यंत पोचायला आधी पांढरा लागतो, विझवतानाही तसंच. म्हणजे अर्ध्या तासाची कमाई एका बटणात गेली. इंटरफेस लिहिणाऱ्यांना अंधारात बसवून टेस्टिंग करायला लावलं पाहिजे :)

तिसरं, लाल उजेड मंद हवा. एक ते पाच ल्युमेन पुष्कळ. भगभगीत लाल दिवाही डोळे बिघडवतो. आणि अगदी मिणमिणता पांढरा दिवा असेल तर तोही वाईट नाही; 'लाल' या शब्दात जादू नाही, 'मंद' या शब्दात निम्मी आहे.

चौथं, पाण्याचं. आपल्या पावसात नुसतं शिंतोड्यांपुरतं संरक्षण पुरत नाही. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. कोकणासाठी दुसरा. सेल शक्यतो गावातल्या दुकानात मिळणारे चालतील असा. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तळियेवर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले होते. चार्जिंगवरच्या दिव्याचा अशा वेळी काय उपयोग? संकटात असाल तर मिनिटाला सहा वेळा झोत दाखवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. डोंगरात चालणाऱ्यांची ही जुनी खूण आहे. उत्तर मिनिटाला तीनने येतं.

आणि आता इशारा, जो लाल दिव्याचे भक्त सांगत नाहीत. लाल उजेडात रंग मरतात. नकाशावरच्या लाल आणि तपकिरी रेषा, म्हणजे नेमक्या समोच्चरेषा, जवळजवळ गायब होतात. जखमेतलं रक्त नीट दिसत नाही. आणि कोकणच्या पायवाटेवर पाचोळ्यात बसलेलं फुरसं किंवा घोणस पाचोळ्याच्याच रंगाचं होऊन जातं. म्हणून चालताना पांढरा, खाली वळवलेला, पायापुढे दोन-तीन पावलांवर. बसलात, थांबलात, तंबूत शिरलात, काजवे बघताय, वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी गेलात, आकाश बघताय, तर लाल. गटात सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या पाठीवर लाल, गाडीला असतो तसा. आणि समोरून कुणी आलं की हात कपाळावर ठेवायचा. चारशे ल्युमेनला सगळ्यात चांगला फिल्टर आपला तळहात आहे, मला रायगडावर तेवढं सुचलं असतं तर...

शेवटी एक चवदार तळ्याजवळचं. एका वर्षी १९ मार्चच्या रात्री मी महाडात होतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्धापनदिनासाठी महाराष्ट्रभरातून माणसं आलेली असतात. मिळेल तिथे पथारी टाकून झोपलेली, कुणी अजून येतायत, कुणी तळ्याभोवती फिरतायत. मी सवयीने हेडलॅम्प लावून वाट काढत होतो. पायरीजवळ एक आजी नातीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला.

"लेकरा, बॅटरी तोंडावर कशाला मारायलास? पायापाशी धर की."

मी चटकन दिवा खाली केला. "चुकलं आजी. कुठून आलात?"

"परभणीकून. तू?"

"पुण्याहून. आजोळ इथलंच, पोलादपूर."

"मग धर की उजेड, उतरू दे आम्हाला."

मी दोन पायऱ्या खाली जाऊन झोत त्यांच्या पायांशी धरला. त्या एकेक पायरी चाचपत उतरल्या. पाण्याशी पोचल्यावर म्हणाल्या, "आता ईझव." मी विझवला. आधी काही दिसेना. मग हळूहळू तळ्याचा काठ दिसायला लागला, पलीकडच्या घरांतले दोन-चार दिवे पाण्यात दिसायला लागले. आजींनी वाकून ओंजळ भरली, नातीच्या डोक्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि काही न बोलता बराच वेळ तिथे बसल्या. मीही बसलो, डोळे बसेपर्यंत.

तर मित्रा, लाल उजेड असलेला घे. आणि पांढरा खाली धर.